ओसेबर्गच्या कोरीव लाकडाचा राखणदार

व्हायकिंग काळातील लाकडी कोरीवकामाचा विषय निघाला, की ओसेबर्ग या नॉर्वेतील एका शेतवाडीचे नाव सर्वप्रथम घेतले जाते. उघड्या जबड्याची प्राणिमुखे, एकमेकांत गुंतलेली सर्पाकृती शरीरे आणि इंचभर जागाही मोकळी न सोडणारी नक्षी, ही या शैलीची ओळख. आज युरोप-अमेरिकेत हौसेने अथवा व्यवसाय म्हणून ‘नॉर्स’ पद्धतीचे कोरीवकाम करणारे कारागीर ज्या नमुन्यांवरून पटाशी चालवतात, त्यांपैकी कितीतरी नमुने ओसेबर्गच्या एकाच थडग्यातून बाहेर आले आहेत. हे थडगे शास्त्रशुद्ध रीतीने उघडणारे आणि त्यातील भिजलेल्या, चिरडलेल्या लाकडाचा तुकडा न् तुकडा जपणारे पुरातत्त्वज्ञ म्हणजे प्रा. गाब्रिएल गुस्ताफसन. त्यांनी हे लाकूड वाचवले. मात्र ज्या उपायाने ते वाचवले, त्याच उपायाने त्यातील अनेक वस्तू आतून पोखरल्या गेल्या, हे त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक दशकांनी उघड झाले. त्यामुळे त्यांच्या चरित्राला अभिमानाची आणि वेदनेची अशी दुहेरी किनार आहे.

गुस्ताफसन जन्माने स्वीडिश होते. बाल्टिक समुद्रातील गोटलंड बेटावरील विस्बी या गावी १८५३ मध्ये त्यांचा जन्म झाला. गोटलंड ही पुरातन वस्तूंची खाणच. मध्ययुगीन तटबंदीचे शहर, चित्रशिळा आणि जमिनीत पुरलेली चांदीची नाणी यांसाठी हे बेट प्रसिद्ध आहे. उप्साला विद्यापीठात शिक्षण घेतल्यानंतर ते पुरातत्त्वाकडे वळले आणि १८८९ मध्ये नॉर्वेतील बर्गन येथील वस्तुसंग्रहालयात रुजू झाले. त्या काळी नॉर्वे आणि स्वीडन ही दोन्ही राज्ये एकाच राजाच्या अमलाखाली होती. पश्चिम नॉर्वेत दशकभर काम केल्यावर, १९०० मध्ये क्रिस्तियानिया, म्हणजे आजचे ओस्लो, येथील विद्यापीठाच्या पुरातन वस्तुसंग्रहाची सूत्रे त्यांच्याकडे आली. विख्यात अभ्यासक ओलुफ रिग यांच्या निधनाने ही जागा रिकामी झाली होती. ज्या देशात स्वीडनपासून वेगळे होण्याची भावना प्रबळ होत होती, त्या देशाच्या प्राचीन वारशाची किल्ली अशा रीतीने एका स्वीडिश माणसाच्या हाती आली.

त्या काळातील नॉर्वेचे वातावरण समजून घेतल्याखेरीज ओसेबर्गचे महत्त्व ध्यानात येणार नाही. शतकानुशतके आधी डेन्मार्कच्या व नंतर स्वीडनच्या छायेत राहिलेल्या या देशाला स्वतःची अशी एक कला हवी होती. ती त्याने लाकडात शोधली. अकराव्या-बाराव्या शतकांत बांधलेल्या लाकडी प्रार्थनामंदिरांच्या कोरीव चौकटी, त्यातही ऊर्नेस येथील जगप्रसिद्ध चौकट, हा या शोधाचा पाया ठरला. १८८० मध्ये गोकस्टाड येथे व्हायकिंग जहाज सापडले आणि या ओढीला आणखी धार आली. त्यानंतरच्या दोन-तीन दशकांत ‘ड्रॅगन शैली’ नावाने ओळखली जाणारी लाट नॉर्वेभर पसरली. हॉटेलांच्या छपरांवर ड्रॅगनची तोंडे झळकू लागली. खुर्च्यांचे हात, मद्यपात्रांच्या मुठी, पेट्यांची झाकणे प्राण्यांच्या वेटोळ्यांनी भरून गेली. हार्डांगर भागातील लार्स किन्सार्विक यांच्यासारख्या कारागिरांनी या शैलीत कोरलेले फर्निचर परदेशातही नावाजले गेले. परंतु या सर्वांसमोरचे नमुने बहुतांशी मध्ययुगातील होते. खुद्द व्हायकिंग युगाच्या प्रारंभी, म्हणजे नवव्या शतकात, सुतार आणि नक्षीकार काय कोरत असत, याचे पुरावे अत्यल्प होते. लाकूड कुजते. धातूचे दागिने आणि दगडांवरील आकृत्या उरतात, लाकूड सहसा उरत नाही.

ही उणीव भरून निघण्याची सुरुवात ऑगस्ट १९०३ मध्ये झाली. क्रिस्तियानियाच्या दक्षिणेला, टन्सबर्ग शहराजवळच्या स्लागेन भागात ओसेबर्ग ही शेतवाडी आहे. तेथील शेतकरी क्नूत रोम यांनी आपल्या जमिनीतील मोठ्या टेकाडात खणायला सुरुवात केली होती. खणताना त्यांच्या हाती नक्षी असलेला लाकडाचा एक तुकडा लागला. तो घेऊन ते क्रिस्तियानियाला गुस्ताफसन यांच्याकडे आले. गुस्ताफसन यांनी त्या तुकड्याचे मोल तत्काळ ओळखले. दोनच दिवसांत ते ओसेबर्गला पोहोचले आणि टेकाडाखाली जहाज पुरलेले आहे याची त्यांनी खात्री करून घेतली.

खरी कसोटी यानंतर लागली. हिवाळा जवळ येत होता. घाईने उत्खनन सुरू केले असते, तर ओले लाकूड थंडीत उघडे पडून कायमचे नष्ट झाले असते. गुस्ताफसन यांनी खड्डा पुन्हा बुजवला आणि पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहिली. हा संयम त्यांच्या स्वभावाचा आणि शिस्तीचा द्योतक होता. १९०४ च्या जूनमध्ये प्रत्यक्ष उत्खननाला आरंभ झाला. बर्गनचे तरुण पुरातत्त्वज्ञ हॉकोन शेटेलिग त्यांच्या मदतीला आले. बातमी पसरली तशी प्रेक्षकांची रीघ लागली. अखेर उत्खननाभोवती कुंपण घालावे लागले आणि येणाऱ्यांसाठी नियमांचे फलक लावावे लागले.

टेकाडाच्या पोटात जे होते ते थक्क करणारे होते. साडेएकवीस मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असे ओकच्या लाकडाचे जहाज, त्यावर उभारलेली लाकडी दफनकोठी, दोन स्त्रियांचे अवशेष, घोडे, कुत्रे, एक चारचाकी गाडी, बर्फावरून ओढायच्या चार स्लेज गाड्या, पलंग, पेट्या, बादल्या, विणकामाची साधने, लोकर व रेशमाची वस्त्रे. प्राचीन काळीच चोरांनी थडगे फोडले होते, त्यामुळे सोन्या-चांदीचे दागिने मिळाले नाहीत. पण चोरांना लाकडात रस नव्हता. तळाची निळसर चिकणमाती आणि वर दाबून रचलेले हरळीचे ढेपे यांनी हवेला आत येऊ दिले नव्हते, म्हणूनच हजार वर्षे लाकूड टिकून राहिले. पुढे १९९० च्या दशकात लाकडातील वार्षिक वर्तुळे मोजून दफनाचे वर्ष इ.स. ८३४ असल्याचे निश्चित झाले. जहाज त्याआधी सुमारे चौदा वर्षांपूर्वी बांधले गेले होते.

सापडलेल्या वस्तूंपैकी एक बादली भारतीय वाचकांना विशेष वाटावी. तिच्या कडीखाली पितळ आणि मिनाकामाची एक मांडी घालून बसलेली आकृती आहे. बुद्धमूर्तीशी असलेल्या साम्यामुळे तिला ‘बुद्ध-बादली’ हे नाव पडले. प्रत्यक्षात ती आयर्लंड-ब्रिटनकडील कारागिरी मानली जाते.

या सर्व संपत्तीत सर्वश्रेष्ठ ठरले ते कोरीवकाम. जहाजाच्या दोन्ही टोकांना वर चढत गेलेल्या पट्ट्यांवर एकमेकांत अडकलेल्या प्राण्यांची अखंड साखळी आहे. नाळेचे टोक सर्पाच्या वेटोळ्यासारखे गुंडाळलेले आहे. गाडीच्या पुढच्या फळीवर सापांनी वेढलेला माणूस आहे, तर मागच्या बाजूला मांजरांच्या आकृती आहेत. मेपलच्या लाकडात कोरलेले प्राणिमुखी खांब पाच आहेत. ताणलेली मान, वटारलेले डोळे आणि विचकलेले दात असे हे खांब कशासाठी वापरले जात, याविषयी अभ्यासकांचे आजही एकमत नाही. काहींच्या मते ते मिरवणुकीत नेले जात असावेत.

एखाद्या कसबी कारागिराच्या नजरेने पाहिले, तर या कामातील कौशल्य अधिकच जाणवते. आकृतीभोवतीचे लाकूड काढून जमीन खोल करायची, मग आकृतीवर गोलाई आणायची आणि शेवटी तिच्या अंगावर रेघांची जाळी, ठिपके, पट्टे उमटवायचे, असे हे टप्प्याटप्प्याचे काम. एक प्राणी दुसऱ्याच्या वरून जातो आणि पुढच्याच वळणावर त्याच्या खालून निघतो. ही ‘वर-खाल’ची विणकामासारखी चाल पूर्ण लांबीभर न चुकता सांभाळावी लागते. लाकडाच्या धाग्याविरुद्ध हत्यार फिरले, की बारीक कड उडून जाते आणि ती परत बसवता येत नाही. या नक्षीतील एक वैशिष्ट्यपूर्ण घटक म्हणजे ‘पकडणारा प्राणी’. चारी पंज्यांनी चौकटीची कड, शेजारचा प्राणी, कधी स्वतःचाच गळा घट्ट धरून बसलेले हे छोटे श्वापद म्हणजे त्या शैलीचा खट्याळपणाच होय. काही वस्तूंवर धातूचे खिळे ठोकून चमक आणली होती, तर काहींवर रंगाचे अंशही होते.

पुढे शेटेलिग यांनी या नक्षीचा बारकाईने अभ्यास केला, तेव्हा त्यांना त्यात वेगवेगळे हात दिसले. एकाचे काम संयत, मोजूनमापून केलेले. त्याला त्यांनी ‘अकादमीशियन’ म्हटले. दुसऱ्याचे काम उठावदार, प्रकाश आणि सावलीशी खेळणारे, दाटीवाटीचे. त्याला ‘बरोक गुरू’ हे नाव दिले. अकराशे वर्षांपूर्वीचे अनामिक सुतार अशा रीतीने कलावंत म्हणून ओळखले जाऊ लागले. ही विभागणी पुढच्या अभ्यासकांनी जशीच्या तशी स्वीकारली नसली, तरी ओसेबर्गला एकाच काळात जुन्या व नव्या पद्धतीचे अनेक कुशल कारागीर काम करत होते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

परंतु हा अभ्यास शक्य झाला तो गुस्ताफसन यांच्या आधीच्या परिश्रमांमुळे. टेकाडाच्या वजनाने जहाज आणि आतील सामान पार चेपून गेले होते. एकेक स्लेज शेकडो तुकड्यांत विखुरली होती. प्रत्येक तुकड्याची जागा नकाशावर नोंदवणे, त्याचे छायाचित्र वा चित्र काढणे, त्यावर क्रमांक घालणे आणि तो ओला ठेवून क्रिस्तियानियाला हलवणे, ही पद्धत त्यांनी कटाक्षाने पाळली. त्या काळातील उत्खननांच्या मानाने ही शिस्त असामान्य होती.

मालकीचा प्रश्नही नाजूक होता. प्रचलित कायद्यानुसार सापडलेल्या वस्तू जमीनमालकाच्या होत्या आणि त्या परदेशात विकल्या जाण्याची भीती होती. फ्रिट्झ ट्रेस्को या धनिक जमीनदाराने हा ठेवा विकत घेऊन देशाला अर्पण केला. मात्र दर वेळी असा दाता भेटेलच असे नाही, याची गुस्ताफसन यांना जाणीव होती. प्राचीन वस्तूंना कायद्याचे संरक्षण मिळावे यासाठी त्यांनी आग्रह धरला. पुरातन वस्तू देशाबाहेर नेण्यास १९०४ मध्ये बंदी घालण्यात आली आणि १९०५ मध्ये प्राचीन अवशेषांच्या रक्षणाचा कायदा संमत झाला. योगायोग असा, की त्याच १९०५ च्या जूनमध्ये नॉर्वेने स्वीडनशी असलेले नाते तोडले. स्वतंत्र नॉर्वेच्या अस्मितेचे प्रतीक ठरलेला ठेवा सांभाळण्याचे काम त्यानंतरही स्वीडनमध्ये जन्मलेला हा प्राध्यापकच करत राहिला.

उत्खनन एका मोसमात आटोपले, पण जतनाचे काम वर्षानुवर्षे चालले. भिजलेल्या लाकडाचा प्रश्न मोठा विचित्र असतो. शतकानुशतके पाण्यात राहिलेल्या लाकडाच्या पेशी आतून विरलेल्या असतात आणि केवळ पाण्याच्या आधाराने आकार धरून असतात. ते वाळू दिले, की आक्रसते, पिळवटते आणि नक्षी ओळखू येईनाशी होते. जहाजाचे ओक त्या मानाने कणखर होते. ते सावकाश वाळवता आले आणि वाफेच्या साहाय्याने फळ्यांना बाक देऊन बहुतांशी मूळ लाकडातूनच जहाज पुन्हा जोडण्यात आले. पण मेपल, बर्च यांसारख्या मऊ पडलेल्या लाकडांना हा मार्ग चालणारा नव्हता, आणि नाजूक कोरीवकामापैकी बरेच याच लाकडांत होते.

यावर त्या काळी एकच मान्यताप्राप्त तोडगा होता, तो म्हणजे तुरटी. डेन्मार्कमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून ही पद्धत वापरात होती. तुरटीच्या गरम, दाट द्रावणात लाकूड बुडवून ठेवायचे. द्रावण आत झिरपते आणि थंड झाल्यावर त्याचे स्फटिक बनून पोकळ झालेल्या पेशींना आधार देतात. नंतर जवसाचे तेल आणि वार्निश यांचा थर द्यायचा. गुस्ताफसन यांनी विचारांती हीच पद्धत स्वीकारली. तुकडे उकळत्याजवळच्या तापमानाच्या द्रावणात तासन् तास ठेवले गेले. मग ते वाळवून, खिळे, स्क्रू आणि धातूच्या पट्ट्यांनी जोडून एकेक वस्तू उभी करण्यात आली. शेकडो तुकड्यांतून स्लेज आणि प्राणिमुखी खांब पुन्हा आकाराला आले. ज्यांनी चिखलातले लगदे पाहिले होते, त्यांच्या दृष्टीने हा चमत्कारच होता.

या कामात गुस्ताफसन यांची उमेदीची वर्षे गेली. १९०६ मध्ये त्यांनी नॉर्वेच्या प्राचीन काळाचा परिचय करून देणारा ग्रंथ लिहिला. ओसेबर्गवरील सविस्तर ग्रंथ मात्र त्यांच्या हातून पूर्ण होऊ शकला नाही. ओसेबर्ग, गोकस्टाड आणि ट्यूने येथील जहाजांसाठी एक स्वतंत्र वास्तू असावी, अशी सूचना त्यांनी १९१३ मध्ये मांडली. ती प्रत्यक्षात आलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. १९१५ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ओसेबर्ग ग्रंथमालेचा पहिला खंड १९१७ मध्ये, तर कोरीवकामावरील शेटेलिग यांचा खंड १९२० मध्ये प्रसिद्ध झाला. ओस्लोच्या बिग्डॉय भागात वास्तुविशारद आर्नस्टाइन आर्नेबर्ग यांनी उभारलेल्या नव्या दालनात १९२६ मध्ये ओसेबर्गचे जहाज थाटाने नेण्यात आले. कोरीव वस्तूंसाठीचे दालन तर १९५७ मध्ये पूर्ण झाले.

तोवर त्या वस्तूंच्या आत एक संथ विध्वंस सुरू झालेला होता. तुरटीचे द्रावण तापवताना त्यातून आम्ल तयार होते. हे आम्ल लाकडात साठून राहिले आणि लाकडाला बळ देणारे तंतू दशकानुदशके खात राहिले. वरून वार्निशने झळकणारा खांब आतून भुसभुशीत होत गेला. विसाव्या शतकाच्या अखेरीस आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी केलेल्या तपासण्यांत या लाकडाची आम्लता अत्यंत तीव्र असल्याचे आढळले. काही वस्तूंचे लाकडीपण जवळजवळ संपले असून तुरटी आणि वार्निश यांच्या कवचावरच त्या उभ्या आहेत, असे चित्र समोर आले. ओस्लो विद्यापीठाच्या वस्तुसंग्रहालयाने २०१४ मध्ये ‘सेव्हिंग ओसेबर्ग’ हा संशोधन प्रकल्प हाती घेतला. आम्ल निष्प्रभ करणारी आणि तंतूंना पुन्हा बळकटी देणारी द्रव्ये शोधणे, हे त्याचे उद्दिष्ट होते. बिग्डॉयचे संग्रहालय २०२२ मध्ये नव्या, विस्तारित वास्तूच्या उभारणीसाठी बंद करण्यात आले. तेव्हा बांधकामाचे हादरे या वस्तूंना बसू नयेत, यासाठीही मोठी खबरदारी घ्यावी लागली.

यासाठी गुस्ताफसन यांना दोष देता येईल का? जतनशास्त्राच्या बहुतेक अभ्यासकांचे उत्तर नकारार्थी आहे. तुरटीचा उपाय केला नसता, तर ही नक्षी काही महिन्यांतच आक्रसून नष्ट झाली असती. शंभर वर्षे ती डोळ्यांनी पाहता आली, मोजता आली, तिच्या प्रतिकृती करता आल्या, हे त्याच निर्णयाचे फळ आहे. आपण योजलेला उपाय पुढच्या पिढीला बदलावा लागू शकतो, म्हणून तो परत काढून घेता येण्याजोगा असावा, हे तत्त्व आजच्या जतनशास्त्रात पायाभूत मानले जाते. ते रुजण्यामागे ओसेबर्गसारख्या कडू अनुभवांचा वाटा आहे.

दरम्यान, ओसेबर्गची नक्षी संग्रहालयाबाहेर पडून कारागिरांच्या हातांत पोहोचली आहे. ज्या टन्सबर्गजवळ हे जहाज सापडले, तेथेच त्याची हुबेहूब प्रतिकृती हाती घेण्यात आली आणि ‘सागा ओसेबर्ग’ या नावाने ती २०१२ मध्ये पाण्यात उतरली. जुन्या पद्धतीची हत्यारे वापरून ओकच्या फळ्या घडवण्यात आल्या आणि नाळेवरील प्राण्यांची साखळी नक्षीकारांनी हाताने कोरली. मूळ लाकडावरच्या हत्यारांच्या खुणा, आकृत्यांची मापे आणि उत्खननाच्या वेळची रेखाटने यांचा आधार नसता, तर हे काम अंदाजपंचेच झाले असते. मूळ खांब हात लावण्याच्या अवस्थेत राहिलेले नाहीत, तरी त्यांचे आकार आता कारागिरांच्या अंगवळणी पडले आहेत.

ओसेबर्गला सापडलेल्या नक्षीदार स्लेज गाड्यांपैकी एक आज ‘शेटेलिगची स्लेज’ आणि दुसरी ‘गुस्ताफसनची स्लेज’ या नावाने ओळखली जाते. ज्यांनी ती कोरली त्या नक्षीकारांची नावे काळाच्या ओघात पुसली गेली. ज्याने ती चिखलातून उचलून पुन्हा जोडली, त्याचे नाव मात्र तिच्याशी कायमचे जोडले गेले आहे.